मजेत आहे, काळजी नसावी

सोलापूर,
दि. 12 जानेवारी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी फोन मध्येच ठेवला, याचे दोन दिवस वाईट वाटत आहे. बोलताना तुला खोकल्याची उबळ आली, मी विचारले, आणि तू म्हणालास, "काही नाही बाबा, मजेत आहे." त्या शब्दावर मी एवढा का भडकलो, हे फोनवर सांगता आले नसते, म्हणून लिहीत आहे.

तुझा काका प्रत्येक अंतर्देशीय पत्राच्या शेवटी हेच लिहीत असे : "मी मजेत आहे, काळजी नसावी." 1999 च्या जूनमध्ये, कारगिलच्या लढाईत, त्याची तोफ द्रासजवळ होती, हे आम्हाला नंतर कळले. 13 जूनला तोलोलिंगचा डोंगर आपल्या हाती येईपर्यंत, वर दबा धरून बसलेल्या शत्रूला श्रीनगर-लेह रस्त्यावरची वाहतूक स्पष्ट दिसत होती आणि तो नेम धरून गोळे टाकत होता. आजीची पाण्याची घागर उचलायला कुरकुर करणारा तो मुलगा त्या विरळ हवेत रात्र रात्र चाळीस किलोहून जड गोळे वाहत होता. पण हे मी तोफखान्यातल्या माणसाला काय सांगणार?

त्याच्यामागून त्याची काळी पेटी आली, तेव्हा अप्पांचा हात कापत होता म्हणून यादीवर सही मी केली. लोकरीचे मोजे, दाढीचे सामान, आजीने दिलेली चादर, आणि तळाशी मीच त्याला लिहिलेले पत्र. गिरणी बंद पडल्यावर अडकलेले अप्पांचे पैसे मिळाले, इकडची चिंता करू नकोस, असे मी त्यात बिनदिक्कत लिहिले होते. वास्तविक पैसे मिळाले नव्हते आणि किराणा उधारीवर चालला होता. पत्र उलटले तर मागे पेन्सिलीने हिशेब मांडलेला : पगार, त्यातून स्वतःचा खर्च वजा, आणि खाली 'अप्पा' असे लिहून नेहमीच्या मनिऑर्डरपेक्षा दोनशे रुपये जास्त. त्याचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. ते पत्र अजून कपाटात आहे; तुला कधी दाखवले नाही.

तू कुठे आहेस, हे मी विचारणार नाही. ते सांगायला मनाई असते, एवढे मला कळते. पण कसा आहेस हे सांगायला तर कोणाचीच मनाई नाही ना? उंचीवर धाप लागत असेल, खोकला हटत नसेल, तर छातीत पाणी होईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी वरिष्ठांना सांगावे. तुम्हा अग्निवीरांपैकी शंभरातून फार तर पंचवीस जणांना कायम करतात, म्हणून तू दुखणे दडवत असशील, अशी मला शंका आहे. कायम नाही झालास तर नाही झालास. घर आहे, मी आहे. पुन्हा उपदेश सुरू झाला, क्षमा कर. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात शपथेच्या कसम परेडला तू समोरून गेलास तेव्हा कोणालाही उपदेश करण्याची माझी लायकी राहिली नाही, असे मला खरोखर वाटले होते. त्या दिवशी आम्हा आईबापांना मिळालेले गौरव पदक तुझ्या आईने देवघरात ठेवले आहे आणि रोज पुसते.

आज 12 जानेवारी. 1931 साली याच दिवशी येरवड्यात आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली, म्हणून सकाळी चौकात पुतळ्यांना हार घातले गेले. गावात सिद्धेश्वराच्या यात्रेची लगबगही आहे. 'हुतात्मा' हा शब्द आपल्याकडे चौकाच्या नावात आहे, पुण्याच्या गाडीच्या नावात आहे. सोलापूरकर तो तिकीट काढताना सहज उच्चारतो. काका गेल्यापासून तुझ्या आजीला मात्र तो शब्द उच्चारवत नाही; त्या गाडीला ती 'सकाळची पुण्याची गाडी' म्हणते. तू त्याच गाडीने गेलास, तेव्हाही तिने नाव घेतले नाही.

खोकल्याचे खरे काय ते लिही. गोड काही लिहू नकोस.

आणि माझ्याकडूनही एक. मागच्या महिन्यात आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. म्हणून ती फोनवर हात दाखवत नव्हती आणि शेंगांची चटणी यंदा तुझ्या आईने कुटली. तुला सांगायचे नाही, असे आम्ही ठरवले होते. प्लास्टर 28 तारखेला निघेल.

तुझे,
बाबा