मकोकेटाच्या प्रवेशाजवळ भेटलेल्या मार्गदर्शिकेस आभार पत्र

आदरणीय महोदया,

सप्रेम नमस्कार.

आयोवातील मकोकेटा केव्ह्ज स्टेट पार्कमध्ये आपण आमच्या कुटुंबासाठी जो वेळ काढलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. आपल्याला इंग्रजीतून वेगळे पत्र पाठवलेच आहे. हे मराठीत लिहिले, ते शिकागो-डेस मॉइन भागात राहणाऱ्या आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना कुठे न्यावे या विचारात असलेल्या आमच्या मंडळींसाठी.

गुहांत उतरण्यापूर्वी आपण वटवाघळांविषयी माहिती दिलीत आणि अंगावरचे कपडे किंवा बूट पूर्वी दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरले आहेत का, असे प्रत्येकाला विचारलेत. माझे सासरे उभा जन्म सह्याद्रीत भटकलेले. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत शिरलेले बूटच त्यांच्या पायात होते. "अगं, धुतलेत की मी ते!" असे ते मला म्हणाले, आणि खरे सांगायचे तर मलाही तो नियम जरा अतिच वाटला. आपण मात्र नियमाकडे बोट दाखवून मोकळ्या झाला नाहीत. व्हाइट-नोज सिंड्रोमची बुरशी माणसाला काही करत नाही, पण तिच्यामुळे हिवाळी निद्रेतली वटवाघळे पुन्हा पुन्हा जागी होतात, अंगातली साठवलेली चरबी अवेळी संपते आणि बाहेर खायला किडे नसल्याने ती उपाशी मरतात. तिचे बीजाणू चिखलाबरोबर बुटांच्या शिवणीत टिकून राहतात आणि साध्या धुण्याने जातीलच असे नाही, हे आपण शांतपणे समजावलेत. याच धास्तीने 2010 मध्ये बंद केलेल्या या गुहा 2012 साली पुन्हा उघडल्या, हे ऐकल्यावर बाबा स्वतःच गाडीकडे गेले आणि साधे कॅनव्हासचे बूट घालून आले.

त्यांचे गुडघे दुखतात हे न सांगताच आपल्या लक्षात आले असावे. सरपटत जाव्या लागणाऱ्या अरुंद गुहा आपण मुलांसाठी सुचवल्यात (मुले ओळखू येणार नाहीत इतकी चिखलाने माखून परतली, तो भाग वेगळा) आणि बाबांसाठी डान्सहॉल केव्ह, जिथे दिवे आहेत, पायवाट बांधलेली आहे आणि कडेने ओढा वाहतो. पायऱ्या कुठे जास्त आहेत, कठडा कुठे आहे, ओल कुठे असते, हे आपण नकाशावर पेनाने खुणा करून दाखवलेत. त्या खुणांच्या आधाराने बाबा कुणाचाही हात न धरता, ओढ्यापासून सुमारे 50 फूट उंच असलेल्या नैसर्गिक पुलापर्यंत पोहोचले.

दिवाळीनंतर पाहुणे आणणाऱ्यांसाठी आपली एक सूचना इथे नोंदवते: वटवाघळांच्या निद्राकाळात, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, गुहा बंद असतात, पायवाटांवर मात्र तेव्हाही फिरता येते.

बाबांनीही आपल्याला आवर्जून नमस्कार कळवला आहे.

आपली कृतज्ञ,
एक पर्यटक