रेम्ब्रांटचा डावा हात

सातारा

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

परत यायच्या आधी एक रविवार माझ्यासाठी काढ. लंडनमध्येच हॅम्पस्टेड हीथला केनवुड हाउस हे चित्रसंग्रहालय आहे. तिकीट नाही, त्यामुळे सबबही नाही. डच चित्रकार व्हर्मीरची गिटार वाजवणारी पोरगीही तिथेच आहे, पण ती नंतर. आधी रेम्ब्रांटच्या आत्मचित्रासमोर जाऊन उभी राहा.

या माणसानं स्वतःला जवळजवळ ऐंशी वेळा काढलं. हे शेवटच्या काही वर्षांतलं, साधारण १६६५ ते १६६९ मधलं. १६५६ साली त्याचं दिवाळं निघालं. १३ हजार गिल्डरना घेतलेलं अ‍ॅमस्टरडॅमचं घर गेलं, जमवलेली चित्रं, पुतळे, शिंपले सगळं लिलावात निघालं. १६६३ मध्ये त्याची जोडीदारीण हेंड्रिक्ये वारली. आणि हा गृहस्थ पांढरी टोपी घालून, हातात पॅलेट घेऊन आपल्याकडे बघतोय. चेहऱ्यावर रडगाणं नाही, ऐट म्हणावी तर तीही नाही.

मागच्या भिंतीवर दोन मोठी अर्धवट वर्तुळं आहेत. कोणी म्हणतं जगाचे नकाशे, कोणी म्हणतं एका फटक्यात वर्तुळ काढायचं कसब. मला विचारशील तर त्या मोकळ्या भिंतीला तोल हवा होता, बस.

पण तू हात बघ. बोटं नाहीतच! पॅलेट, ब्रश आणि चार फटकारे. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या पेपरात हे माझ्यापुढे आलं असतं तर 'हात अपूर्ण' म्हणून मी ग्रेड खाली आणली असती.

या हाताचीच गंमत आहे. स्वतःला काढायचं तर आरसा लागतो, आणि आरशात उजव्या हातातला ब्रश डाव्या हातात दिसतो. रेम्ब्रांटनं आधी दिसलं तसंच काढलं होतं, डावा हात कॅनव्हासकडे उचललेला. एक्स-रेमध्ये तो अजून दिसतो. मग त्यानं त्यावरून रंग चढवला आणि पॅलेट डाव्या हातात दिली. तो उजव्या हातानं काम करायचा, तेव्हा त्याची दुरुस्ती खरी होती.

माझी नव्हती. चौथीपर्यंत तुझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून मी उजव्यात देत होतो. शाळेत चाळीस पोरांना 'जसं दिसतं तसं काढा' म्हणणारा मास्तर घरी मात्र हे करत होता. तू काही बोलायची नाहीस, मी वळलो की पेन्सिल परत डाव्यात. आई हसायची. मला राग यायचा, तो तुझा नव्हे, हे आता लिहितोय.

फोटो पाठवू नकोस, फोटो मी भरपूर पाहिलेत. त्या टोपीवरचा पांढरा रंग बाजूनं किती जाड दिसतो, तेवढं बघून कागदावर काढून आण. डाव्या हातानं.

तुझा
बाबा