शिक्षा दिलीत, पण कारणे कुठे आहेत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परीक्षा सुरू झाल्या की भरारी पथकाने अमुक इतके कॉपीबहाद्दर पकडले, अशा बातम्या येऊ लागतात. परीक्षा संपतात आणि बातम्याही. पकडलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, कोणत्या पुराव्यावर कोणाला किती शिक्षा झाली, कोणी दाद मागितली आणि ती कोणी ऐकली, हे सहसा छापून येत नाही. वार्ताहरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हे कागद फायलीतून बाहेर पडतच नाहीत. परीक्षेतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या समितीवर मी काही वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून एकच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. विद्यापीठांनी शिक्षा कोणतीही द्यावी, पण तिची कारणे लेखी द्यावीत. बाकीच्या सुधारणांचे नंतर बघू.

शिक्षेचे पत्र साधारण असे असते: ‘आपण सादर केलेला खुलासा समाधानकारक नसल्याने आपली सदर परीक्षेतील संपूर्ण संपादणूक रद्द करण्यात येत आहे.’ खुलाशात विद्यार्थ्याने काय म्हटले होते, त्यातले समितीला काय पटले नाही आणि का पटले नाही, याबद्दल अवाक्षर नसते. खाली मात्र एक ओळ असते, की या निर्णयाविरुद्ध अमुक दिवसांत अपील करता येईल. आता या मुलाने अपिलात लिहायचे तरी काय? निर्णय चुकला असे म्हणायचे, तर तो कसा झाला हे आधी कळायला हवे. ते कळत नाही म्हणून मुले दयेचा अर्ज करतात. वडील आजारी आहेत, घरची परिस्थिती बिकट आहे, वर्ष वाया जाईल. मग वरचे अधिकारी म्हणतात, ‘बघा, आरोप कोणी नाकारतच नाही, सगळे माफीच मागतात.’

या आदेशाच्या मुळाशी बहुधा एकच कागद असतो. परीक्षा चालू असताना पर्यवेक्षकाला चिठ्ठी सापडते. उत्तरपत्रिका काढून घेतली जाते, मुलाला वरिष्ठ पर्यवेक्षकाच्या टेबलापाशी नेले जाते, पुढ्यात एक छापील नमुना येतो आणि ‘आधी हे लिहून दे, मग दुसरी उत्तरपत्रिका मिळेल’ असे सांगितले जाते. घड्याळ चालू असते. बाकीचे खाली माना घालून लिहीत असतात. अशा वेळी एकोणीस-वीस वर्षांचे पोर सांगाल ते लिहून देते: ‘माझ्याकडे कागद सापडला, माझी चूक झाली, पुन्हा असे करणार नाही.’ चिठ्ठी खिशात होती की बाकाखाली, अक्षर कोणाचे, आधीच्या सत्रात त्या जागेवर कोण बसले होते, चिठ्ठीतले काही उत्तरपत्रिकेत उतरले आहे का, हे सगळे प्रश्न त्या तीन ओळींनी मिटून जातात. पुढे समितीसमोर ते मूल ‘सर, ती चिठ्ठी माझी नव्हती’ म्हणू लागले, की फाइल उघडून त्याचीच सही त्याला दाखवली जाते.

मी पाहिलेल्या प्रकरणांत बहुतेक मुलांनी कॉपी केलेली होती, हेही सांगून टाकतो. पुरावा समोर असताना निर्विकार चेहऱ्याने खोटे बोलणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांना झालेल्या शिक्षेबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. त्यांना या गर्दीतून वेगळे काढायचे कसे? एका बैठकीत पन्नास-साठ प्रकरणे ‘निकालात काढायची’ असतील, तर एकेकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. पण आदेशात कारणे लिहायचीच आहेत असे ठरले, तर कोणीतरी विचारतेच, ‘या चिठ्ठीतला मजकूर प्रश्नपत्रिकेतल्या कोणत्या प्रश्नाशी जुळतो?’ मग प्रश्नपत्रिका मागवावी लागते, उत्तरपत्रिका उघडावी लागते, पर्यवेक्षकाला बोलवावे लागते. लिहिण्याची सक्ती असली की माणसे आपोआप नीट बघू लागतात. माझा आग्रह आहे तो यासाठी. विद्यार्थ्याला आदेश सविस्तर मिळतो हा त्यातला दुय्यम फायदा.

यात नवे काहीही नाही. रिचर्ड बेंटली हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख, मोठा विद्वान आणि त्याहून मोठा भांडखोर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यापीठाने त्याचे म्हणणे न ऐकताच त्याच्या पदव्या काढून घेतल्या. १७२३ च्या त्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने त्या परत करायला लावल्या. त्यातल्या एका न्यायमूर्तींचे म्हणणे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही सांगितले जाते: आदमला शिक्षा देण्याआधी खुद्द ईश्वरानेही त्याची बाजू विचारली होती. अमेरिकेत हीच गोष्ट विद्यार्थ्यांच्या बाबतीत प्रस्थापित व्हायला १९६१ साल उजाडले. वर्णभेदाविरुद्धच्या आंदोलनात भाग घेतला म्हणून अलाबामातल्या सरकारी कॉलेजने काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढून टाकले होते. आरोप काय आहे हे कळवा आणि बाजू मांडू द्या, एवढे किमान केल्याशिवाय काढता येणार नाही, असे अपील न्यायालयाने बजावले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, काही विद्यार्थ्यांना न ऐकताच शिक्षा देणाऱ्या उत्तर प्रदेशच्या इंटरमीडिएट बोर्डाला तेच सांगितले. सुनावणी द्यावी असे नियमात लिहिलेले नाही, हा बोर्डाचा बचाव होता. शिक्षेचा परिणाम एवढा गंभीर असेल, तर नियमात असो वा नसो, बाजू ऐकावीच लागेल, असे न्यायालयाने म्हटले. त्या विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली होती १९५४ मध्ये. इतक्या वर्षांनी मिळालेल्या न्यायाचे त्यांनी काय केले असेल, कोण जाणे.

म्हणून आज विद्यापीठे नोटीस पाठवतात, मुलाला बोलावतात, सही घेतात. ऐकण्याचा उपचार पार पडतो, पण त्यातून काय निष्पन्न झाले हे सांगण्याची पद्धत रुजलेली नाही. खरे तर अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालय नसलेल्या यंत्रणेने न्यायाधीशासारख्या दिलेल्या, निर्णयाला कारणे हवीत, आणि पहिल्या पायरीवरच्या आदेशात त्यांची गरज सर्वांत जास्त, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात स्पष्ट केले आहे. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणात तर न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले होते, की आदेश म्हणजे काही जुनी दारू नव्हे, जी वर्षे उलटतील तशी अधिक चांगली होत जाईल. आदेश काढताना जी कारणे होती, त्यांवरच तो टिकायला हवा. नंतर प्रतिज्ञापत्रात नवी भर घालता येत नाही. विद्यापीठांचे वकील उच्च न्यायालयात नेमके तेच करू पाहतात, कारण मूळ आदेशात दाखवण्याजोगे काही नसते.

एक विसंगती मला विशेष टोचते. चौकशी करणारा एक आणि शिक्षा देणारा दुसरा असेल, तर शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या करुणाकर प्रकरणात पक्के केले आहे. विद्यार्थ्यांबाबत मात्र साठच्या दशकातल्या केरळ विद्यापीठाच्या प्रकरणात, अहवालाची प्रत दिली नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही, असे न्यायालय म्हणाले होते. अहवाल देण्याला त्या निकालाने मनाई केलेली नाही. तरीही अहवाल मागणाऱ्या मुलाला ‘गोपनीय’ असा शेरा मिळतो. पगारदार प्राध्यापकाला, म्हणजे आम्हाला, आपल्याविरुद्धचा अहवाल वाचायला मिळतो आणि ज्याचे अख्खे वर्ष जाणार त्या विद्यार्थ्याला मिळत नाही. याचे समर्थन मला सापडलेले नाही.

सगळेच उघड करा, असे मी म्हणत नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजातले प्रकरण प्रसिद्ध आहे. मुलींच्या वसतिगृहात रात्री घुसलेल्या मुलांना काढून टाकण्यात आले. मुलींची साक्ष आरोपींच्या समोर न घेतल्याबद्दल मुले न्यायालयात गेली आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. ते योग्यच झाले. त्या मुलींना त्याच आवारात राहायचे होते. रॅगिंग आणि लैंगिक छळाच्या तक्रारींत साक्षीदाराचे नाव झाकावेच लागते. पण नाव झाकूनही, काय घडल्याचे सिद्ध झाले आणि कशावरून, हे लिहिता येते. आणि अशा प्रकरणांत कारणे लिहिलेली असण्याचा लाभ तक्रारदारालाही होतो. आरोपी मोकळा सुटला तर तो का सुटला, हे जाणून घेण्याचा हक्क तिलाही आहे.

आता यात यंत्राची भर पडली आहे. निबंध ‘एआय’ने लिहिल्याचे ओळखणारी सॉफ्टवेअर टक्केवारी देतात आणि ती टक्केवारीच निकाल मानली जाऊ लागली आहे. ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन जानेवारी २०२३ मध्ये आणले आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत काढून घेतले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात साधने तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ‘टोफेल’ या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध त्यांनी वापरले. त्यांतले सरासरी सुमारे ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा शेरा या साधनांनी मारला. शिकलेल्या इंग्रजीत जपून, सोपी वाक्ये लिहिणारा विद्यार्थी यंत्राला यंत्रासारखा वाटतो! अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब केला. चूक एक टक्का धरली, तरी त्यांच्याकडे वर्षभरात तपासायला गेलेल्या ७५ हजार लेखनांपैकी सुमारे ७५० जणांवर नाहक ठपका आला असता. त्यांनी ती सोय बंद केली. इथे अपिलाची खरी कसोटी आहे, कारण टक्केवारीची उलटतपासणी घेता येत नाही. ‘सॉफ्टवेअरने ८२ टक्के दाखवले’ हे कारण होऊ शकत नाही, असा नियम विद्यापीठांनी आधी करावा. मुलाचे कच्चे मसुदे पाहा, त्याला समोर बसवून त्याच्याच निबंधावर दोन प्रश्न विचारा. दहा मिनिटांत कळते.

अपील कोणी ऐकावे, हे थोडक्यात सांगतो. ज्यांनी शिक्षा दिली किंवा ज्यांच्या सहीने समिती नेमली गेली, त्यांनी नव्हे. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार विद्यापीठांबाहेरचे स्वतंत्र कार्यालय आहे. विद्यापीठातली प्रक्रिया संपली की विद्यार्थी तिथे विनाशुल्क तक्रार करू शकतो, आणि विद्यापीठांनी अंतर्गत सुनावणी साधारण ९० दिवसांत संपवावी अशी त्या कार्यालयाची अपेक्षा असते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी प्रत्येक विद्यापीठात लोकपाल असावा लागतो, पण त्याची नेमणूक विद्यापीठच करते. तरी काही नसण्यापेक्षा बरे.

मुदतीचा मुद्दा मात्र ढकलून चालणार नाही. शिक्षा लगेच लागू होते आणि अपील सावकाश चालते. दोन सत्रे परीक्षेला बसू न दिलेल्या मुलीचे अपील तिसऱ्या सत्रात मंजूर झाले, तर तिला काय परत मिळाले? अपील प्रलंबित असेपर्यंत तिला परीक्षा देऊ द्यावी आणि निकाल राखून ठेवावा. अपील फेटाळले गेले तर ती संपादणूक रद्द करता येतेच. यात विद्यापीठाचे काहीही जात नाही.

माझे सहकारी म्हणतील, एवढे लिहायला वेळ कोणाला आहे? प्रत्येक आदेशात चार वाक्ये पुरतात: आरोप काय, पुरावा काय, विद्यार्थी काय म्हणाला, ते का मान्य किंवा अमान्य केले. सुटीत शेकडो उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना चार वाक्ये जड जाऊ नयेत.

आपल्याला एक विनंती. यंदा भरारी पथकाच्या बातम्या छापाल, तेव्हा विद्यापीठांना तीन आकडे विचारा: गेल्या वर्षी किती जणांना शिक्षा झाली, किती जणांनी अपील केले, आणि किती अपिलांत निर्णय बदलला. नावे नकोत, फक्त आकडे. ते मिळाले तर पकडलेल्यांच्या आकड्याशेजारीच छापा, आणि नाही मिळाले तर कोणत्या विद्यापीठाने दिले नाहीत तेवढे छापा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक