सरावानंतरच्या वीस मिनिटांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

रिलेच्या अंतिम फेरीत आमच्या एका मुलीच्या हातून बॅटन निसटलं. कोणी रागावलं नाही. तरी नंतर तासभर ती दप्तरांच्या खोलीत बसून बुटाची नाडी बांधत होती, सोडत होती. ‘होतं असं, विसरून जा’ यापलीकडे आम्हाला काही सुचलं नाही. धावायला शिकवलं होतं. हरल्यावर घशाशी आलेल्या हुंदक्याचं काय करायचं, ते शिकवायचं राहून गेलं.

म्हणून शाळेच्या क्रीडा समितीने ठरवलंय : आठवड्यातून ३ दिवस, सरावानंतर २० मिनिटं योग. अंग वाकवण्याच्या कसरती नव्हेत, त्या सरावात भरपूर होतात. बालासन (गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवून विसावणं), भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करणं), शवासन, बस. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून ४ आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि ६ मोजत सोडायचा. शर्यतीच्या रेषेवर उभ्या उभ्याही हे जमतं, शेजारच्याला पत्ता लागत नाही. श्वास रोखून धरायला लावायचं नाही. काही मुलांना दमा आहे. डोळे मिटायची सक्तीही नाही, कारण काहींना मिटल्यावरच जास्त धास्ती वाटते.

२०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली आणि मन साथ देत नसल्याचं उघड सांगितलं. २०२४मध्ये पॅरिसला तिने ३ सुवर्णपदकं जिंकली. आमच्या मुलांना मात्र ‘आज मन थाऱ्यावर नाही’ म्हणायची अजून चोरी वाटते.

तुमच्याकडून हवंय ते असं. २५ चटया, वापरलेल्या चालतील, फाटक्या नकोत. अंगावर घ्यायला पातळ चादरी, कारण घाम वाळला की शवासनात थंडी वाजते. आणि सगळ्यात निकडीचं म्हणजे मुलांना शिकवण्याचा अनुभव असलेले योगशिक्षक. मानधन देऊ, त्यासाठीच देणगी हवी आहे. करंडक कृपया देऊ नका, कपाटात जागा नाही.

योग हा उपचार नव्हे, हे आम्ही जाणतो. झोप उडालेल्या, जेवण तुटलेल्या किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणाऱ्या मुलाला चटईवर बसवून भागणार नाही. अशा वेळी पालकांना विश्वासात घेऊन समुपदेशकांकडे पाठवू. महिन्यातून एक दिवस देऊ शकणारे समुपदेशक कोणाच्या ओळखीत असतील तर जरूर कळवा.

वस्तू आणि देणगी शाळेच्या कार्यालयात क्रीडाशिक्षकांकडे द्यावी. रकमेची पावती लगेच मिळेल.

आपली,
क्रीडा समिती