न्हाणीघरातील काचेच्या दारासाठी मनःपूर्वक आभार

पुण्यातील आमच्या जुन्या सदनिकेच्या न्हाणीघरात शॉवरसाठी काचेचे दार नीट बसले, याचे श्रेय अशा काही माणसांचे आहे, ज्यांची नावे विचारायचीही राहून गेली. माप घ्यायला आलेल्या कारागिरांनी भिंतीला ओळंबा लावून दाखवला, तेव्हा वरच्या आणि खालच्या रुंदीत तब्बल ९ मिलिमीटरचा फरक निघाला. टफन्ड काच, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच, एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही किंवा तिला भोकही पाडता येत नाही, म्हणून त्यांनी घाई न करता तीन ठिकाणी मापे घेतली आणि मगच ८ मिलिमीटर जाडीची काच सांगितली. दार बाहेरच्या बाजूला उघडावे, म्हणजे आत कोणी घसरून पडले तर ते अडणार नाही, हा आग्रहही त्यांचाच; घरात वयस्कर सासूबाई असल्याने तो मला फार मोलाचा वाटला. उंबऱ्याचा उतार आतल्या बाजूला काढून देणारे गवंडीदादा, लिफ्टमध्ये न मावलेली काच उभी धरून चार जिने वर आणणारे दोघे तरुण आणि फटी बुजवायला लावलेले सिलिकॉन वाळेपर्यंत २४ तास शॉवर सुरू करू नका, हे सांगायला रात्री आवर्जून फोन करणारे दुकानातील गृहस्थ, या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे.