शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हे दुसऱ्याच दिवशी कसे ठरते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या नामवंत खेळाडूच्या खांद्यावर किंवा कोपरावर शस्त्रक्रिया झाली, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'शस्त्रक्रिया यशस्वी' अशी बातमी हमखास येते. त्या दिवशी खरे तर एवढेच सांगता येते, की रुग्ण भुलीतून नीट बाहेर आला, बोटे हलत आहेत आणि एक्स-रेमध्ये प्लेट व स्क्रू जागच्या जागी दिसत आहेत. ज्या कामासाठी हा खटाटोप केला ते काम हाताला जमेल की नाही, हे कळायला सहा महिने, पुष्कळदा वर्ष जावे लागते. अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर व्यायाम देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि बातमीतले यश व रुग्णाच्या वाट्याला येणारे यश यांतले अंतर मी रोज पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोपराचेच पाहा. दुखापतीनंतर इतक्या लवकर आखडणारे सांधे शरीरात फार नाहीत. हात पूर्ण सरळ असताना शून्य अंश धरले, तर रोजच्या बहुतेक कामांसाठी कोपर साधारण ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत वाकावे लागते, हे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांवरून सर्वमान्य झाले आहे. हाड उत्तम जुळलेले, एक्स-रे पाहून कोणीही शाबासकी द्यावी असा, पण कोपर मात्र १०० अंशांवर अडलेले, असे रुग्ण येतात. त्यांचा घास तोंडापर्यंत पोहोचत नाही, मान पुढे काढून तो गाठावा लागतो. गळ्याजवळचे बटण दुसऱ्याकडून लावून घ्यावे लागते आणि फोन त्या हाताने कानाला लावता येत नाही. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच राहते, कारण हाड जुळल्यावर ती वही मिटलेली असते.

याच्या उलटही घडते. खांद्याभोवतीच्या, रोटेटर कफ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्नायूंची फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, टाके घालून शिवतात. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात अशी शिवण घातलेल्या रुग्णांची वर्षभराने तपासणी केली, तेव्हा दहापैकी सुमारे चार जणांची कंडरा पुन्हा फाटलेली किंवा मुळात जुळलेलीच नाही असे दिसले. तरीही अशांपैकी अनेकांच्या वेदना पूर्वीपेक्षा कमी झाल्या होत्या. म्हणजे तपासणीतले चित्र आणि रुग्णाचे सुखदुःख नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, आणि दोन्हींची नोंद ठेवल्याखेरीज शस्त्रक्रियेचा खरा गुण कळत नाही.

मग शस्त्रक्रिया करावी की करू नये? सरसकट उत्तर देणे अन्यायाचे होईल. विशी-पंचविशीतल्या, खेळणाऱ्या तरुणाचा खांदा एकदा निखळला, की तो पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते. निम्म्याहून अधिक जणांचा दोन वर्षांतच पुन्हा निखळल्याचे आढळले आहे, आणि अशा वेळी खांदा निखळताना फाटलेला भाग जागेवर शिवल्याने ही शक्यता बरीच घटते. कोपर निखळून सोबत दोन ठिकाणी हाड मोडले असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. पण वयस्क व्यक्ती पडून दंडाचे हाड खांद्याजवळ मोडते, तेव्हा चित्र पालटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'प्रोफर' चाचणीत अशा २५० रुग्णांपैकी निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांचा हात झोळीत ठेवून नंतर व्यायाम दिला गेला. दोन वर्षांनी दोन्ही गटांतल्या रुग्णांनी आपल्या हाताबद्दल दिलेल्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. शस्त्रक्रिया निर्विवाद आवश्यक होती असे रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते, हे येथे सांगितलेच पाहिजे. पंच्याहत्तरी उलटलेल्यांच्या कोपराच्या टोकाच्या मोडलेल्या हाडाबद्दलची एक छोटी चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण शस्त्रक्रिया झालेल्या गटात गुंतागुंत फार होऊ लागली होती. खांद्यात हाडाची टोचणी होते म्हणून दुर्बिणीतून ते हाड घासण्याची शस्त्रक्रिया जगभर लाखोंवर झाली. २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसती दुर्बीण घालून पाहिलेल्या रुग्णांनाही तितकाच आराम पडल्याचे दिसले, आणि २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील तज्ज्ञांच्या शिफारशीने ती करू नये असे स्पष्ट म्हटले. हे कळायला इतकी वर्षे लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या सगळ्या रुग्णांनी भूल, जंतुसंसर्गाचा धोका आणि कामावरची रजा हे सारे सोसले होते.

वास्तविक, हा हिशेब ठेवण्याची कल्पना खांद्याच्याच एका शल्यविशारदाची. बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या प्रारंभी म्हणत, की प्रत्येक रुग्ण वर्षभराने पुन्हा तपासावा, गुण आला नसेल तर का आला नाही ते लिहावे आणि ते सर्वांना वाचू द्यावे. स्वतःच्या छोट्या रुग्णालयात १९११ ते १९१६ या काळात त्यांनी ३३७ रुग्णांची नोंद ठेवली आणि त्यांत झालेल्या १२३ चुका छापून प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना हे रुचले नाही. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्यांची मागणी अर्धीमुर्धीच पुरी झाली आहे. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीत खांदा व कोपराच्या सांधेरोपणाची नोंद २०१२ पासून होते, पण तिचा भर कृत्रिम सांध्यांवर आहे. शिवलेल्या कंडरा आणि प्लेट घालून जोडलेली सगळी हाडे तिच्या कक्षेत येत नाहीत.

वर्षभराने रुग्णाला विचारायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. खांद्यासाठी बारा प्रश्नांची 'ऑक्सफर्ड' प्रश्नावली १९९६ पासून उपलब्ध आहे, कोपरासाठीही तशीच आहे. कपडे घालता येतात का, रात्री दुखण्याने जाग येते का, असे साधे प्रश्न त्यांत आहेत. रुग्णालयांनी त्या शस्त्रक्रियेपूर्वी एकदा आणि वर्षाने एकदा भरून घ्याव्यात आणि नव्या रुग्णाला संमतिपत्रावर सही करण्याआधी आपल्याकडचे हे आकडे दाखवावेत. शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, याचे उत्तरही त्याच बैठकीत मिळावे, कारण हा प्रश्न आपणहून विचारण्याचा धीर बहुतेक रुग्णांना होत नाही.

वृत्तपत्रांकडे माझी मागणी याहून लहान आहे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी 'शस्त्रक्रिया पार पडली' एवढेच छापावे आणि वर्षभराने त्याच रुग्णाकडे जाऊन त्याचा हात आता काय काय करू शकतो, याची बातमी द्यावी. बेसबॉलपटू टॉमी जॉन यांच्या कोपरावर १९७४ मध्ये झालेली शस्त्रक्रिया आज सगळे यशस्वी म्हणून ओळखतात. पण त्यांचा १९७५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला होता आणि ते मैदानात परतले १९७६ मध्ये.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट