फोन बापाचा, चालवणारं लेकरू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव घेतला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. त्यामागची कळकळ मला समजते. आजही आमच्याकडच्या कोणत्याही पालकसभेत ‘हे मोबाईल आधी बंद करा’ असंच कोणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. पण मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. तिथे जे रोज पाहते, त्यावरून बंदीने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही.

सातबारा काढायला, पीक विम्याचा अर्ज भरायला, लाडक्या बहिणीची केवायसी करायला माणसं येतात. फोन मात्र त्यांच्यासोबत आलेल्या सहावी-सातवीतल्या लेकराच्या हातात असतो. ओटीपी तेच वाचून सांगतं. ई-पीक पाहणीच्या वेळी धुऱ्यावर उभं राहून परहाटीचा फोटो तेच काढतं आणि बापाला म्हणतं, ‘बाबा, झालं.’ यूपीआयचा पिन आईने त्यालाच सांगून ठेवलेला असतो, कारण किराणा दुकानात पैसे तेच पाठवतं. ज्याच्या हातात मोबाईल देऊ नये असं आपण सभेत म्हणतो, घराचा सगळा कारभार त्याच्याच हातात आपण कधीचा देऊन बसलो आहोत. तो सांभाळायचा कसा, हे मात्र त्याला कोणीही शिकवलेलं नाही.

वर्तमानपत्रांत आणि शिबिरांत जे सल्ले मिळतात, ते मुलाचा फोन वेगळा आहे असं धरून दिलेले असतात. आमच्याकडे घरात चालणारा फोन एकच. सिम बापाच्या नावाचं आणि गुगलचं खातंही त्याच्याच नावाचं, तेही बरेचदा फोन विकणाऱ्या दुकानदाराने उघडून दिलेलं. रात्री नऊ वाजता अंथरुणात व्हिडिओ पाहणारी चौथीतली मुलगी यूट्यूबच्या लेखी चाळिशीतला शेतकरी असते, आणि पुढचे व्हिडिओही तिला त्याच हिशेबाने दाखवले जातात. इन्स्टाग्रामने भारतात २०२५ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती सुरू केली. त्यांत अनोळखी माणूस परस्पर निरोप पाठवू शकत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाईची तरतूद आहे. या सोयी चांगल्याच आहेत, पण खात्यावर बापाची जन्मतारीख असेल तर त्यातली एकही त्या लेकरापर्यंत पोहोचत नाही. म्हणून माझं पालकांना पहिलं सांगणं असतं की खातं उघडायचंच तर खरं वय टाकून उघडा, आणि १३ पूर्ण होण्याआधी इन्स्टाग्राम नकोच. लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळं मिळतं. पैशाच्या अ‍ॅपला वेगळं कुलूप लावा आणि पिन स्वतः पाठ करा. आईला पिन टाकायला शिकवणं हीसुद्धा मुलांच्याच सुरक्षिततेची गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं.

पीएम किसानच्या नावाने, आरटीओ चलनाच्या नावाने, अगदी लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइली, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवणाऱ्या फाइली, फिरतात. फाइल उघडून ‘इन्स्टॉल’ दाबलं की फोनचे मेसेज दुसऱ्याच्या हाती जातात आणि त्यांच्याबरोबर ओटीपीही. बाप अशी फाइल स्वतः उघडत नाही, ‘पाय बरं हे काय आलं’ म्हणून पोराकडे देतो. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं आणि पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, या दोन गोष्टी जरी त्या पोराला पक्क्या ठाऊक असतील, तरी घराचा हप्ता वाचेल.

गावच्या ग्रुपवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या निरोपांचंही तसंच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या गावांतही मंडईच्या म्हणजे जत्रेच्या दिवसांत, सवंगणीच्या म्हणजे पीक कापणीच्या दिवसांत बाहेरची माणसं येतात. हातात फोन असलेल्या मुलांना राईनपाडा वर्गात सांगितलाच पाहिजे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ते ऐकवत नाही असं मला नाही वाटत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. मुलीच्या फोटोत कोणी फेरफार केला, कोणी चॅटवर गोड बोलून फोटो मागवला आणि नंतर धमकावलं, तर ती घरी सांगत नाही. सांगितल्यावर काय होतं ते तिने शेजारी पाहिलेलं असतं. आधी फोन हिसकला जातो, मग शाळा सुटते आणि वर्षभरात स्थळं बघायला सुरुवात होते. मुलगा गेममध्ये बापाचे पैसे घालवून बसला तर तोही मारापायी गप्प राहतो. धमकावणाऱ्याचं सगळं बळ त्या गप्प राहण्यात आहे. त्यामुळे माझ्या मते प्रत्येक आईबापाने लेकराला एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं: ‘काही झालं तरी मला सांग. तुझी शाळा बंद होणार नाही आणि मी हात उचलणार नाही.’ असं सांगून ते पाळायला हवं.

पुढे काय करायचं हेही घरात माहीत असावं. चॅट पुसून टाकायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मूल स्वतः बोलू शकतं. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अश्लील चित्रांबाबत नाव न देताही तक्रार करता येते. पोलीस ठाण्याची भीती वाटणाऱ्यांना मी मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा समजावून सांगते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तेव्हा पोलिसांनी गणवेशात असायचं नाही. मुलाचं नाव किंवा ओळख छापायला बंदी आहे. एवढं ऐकल्यावर बाया मोकळ्या बोलू लागतात.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणी थांबली नाही, पण हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा या गोष्टी गावोगाव सांगितल्या गेल्या. मोबाईलच्या बाबतीतही गावोगाव तसंच सांगायला हवं. त्यासाठी नवीन समितीची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला असतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या पहिल्याच आठवड्यात समितीने घरचा फोन सोबत आणायला सांगून माय-बाप आणि लेकरू यांना एकत्र बसवावं, आणि खात्याचं वय, पैशाच्या अ‍ॅपचं कुलूप, तक्रारीची जागा या गोष्टी त्याच फोनवर करून दाखवाव्यात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथे रोज होते, तिथे प्रार्थनेनंतरची दहा मिनिटंही यासाठी मिळू शकतील. आमच्यासारख्या केंद्रचालकांना बोलवा, आम्ही येऊ.

आपल्याकडे एक मागणी आहे. जिल्हा पानावर आपण रोज बाजारभाव छापता, त्याच्या शेजारी १९३० आणि १०९८ हे दोन क्रमांक ठळक छापावेत. आमच्या गावात पेपर एकच येतो, पण तो पारावर हातोहात फिरतो आणि शेवटी मुलांच्याही हातात पडतो.

आपली नियमित वाचक,
एक सेवा केंद्रचालक
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ